पंक्तिप्रपंच

मराठी भाषेत एक जुना आणि बोचरा शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्या माणसांना वेगवेगळे वाढणे, एकाच्या भातावर तुपाची धार धरणे आणि शेजारच्याच्या पानावर नुसते वरण ओतून पुढे सरकणे, या वर्तनाला आपल्या पूर्वजांनी दोष मानले आणि त्या दोषाला स्वतंत्र नाव दिले. दोन निरनिराळ्या घरांत दोन निरनिराळे स्वयंपाक शिजले, तर त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. यजमान एक, मांडव एक, निमंत्रण एक आणि वाढणे मात्र दोन प्रकारचे, असे घडते तेव्हाच हा शब्द लागू पडतो.

या शब्दाला एक दुसरी बाजूही आहे आणि ती विसरून चालणार नाही. ज्या समाजाने हा शब्द घडवला, त्याच समाजाने जातीनुसार पंगती वेगळ्या मांडल्या. पंगतच निराळी केली की पंक्तिप्रपंचाचा दोष लागत नाही, अशी सोयीची पळवाट त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती. एका पंगतीतील अन्याय त्याच्या डोळ्यांत खुपत होता. दोन पंगती मांडण्यातील अन्याय मात्र रीत म्हणून खपून जात होता.

हे आठवण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांपुढे एक प्रस्ताव येऊ लागला आहे. शाळेत राज्य मंडळाचा अभ्यासक्रम आहे, एस.एस.सी.ची परीक्षा आहे. ती तशीच राहू द्यावी, पण तिच्या जोडीने एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमही सुरू करावा. त्यासाठी नवी इमारत किंवा निदान नवा मजला बांधावा, शिक्षक वेगळे नेमावेत, शुल्क वेगळे आकारावे. प्रस्ताव मांडणारी माणसे बहुधा सज्जन आणि शाळेविषयी आस्था असलेली असतात. त्यांचा हेतू मलिन नसतो. म्हणूनच प्रश्न सोपा नाही. 'जोडीने' हा शब्द दिसायला साधा आहे. परंतु या प्रस्तावाचे सारे नैतिक वजन त्या एका शब्दावर पडलेले आहे.

मूळ हेतू

कोणत्याही गोष्टीचा निवाडा करण्यापूर्वी ती काय आहे हे नीट समजून घेणे, हा न्यायाचा पहिला नियम होय. 'आंतरराष्ट्रीय' म्हटले की आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे वातानुकूलित वर्ग आणि टाय लावलेली मुले एवढेच येते. हा त्या अभ्यासक्रमांवर अन्याय आहे.

केंब्रिज विद्यापीठाने १८५८ साली इंग्लंडमधील शाळकरी मुलांसाठी परीक्षा सुरू केल्या आणि पाचच वर्षांत, १८६३ साली, त्या त्रिनिदाद बेटापर्यंत नेल्या. साम्राज्याच्या वाटेनेच त्या जगभर पसरल्या. आज आपल्याकडे परिचित असलेली आय.जी.सी.एस.ई. ही परीक्षा त्याच परंपरेतील असून ती १९८८ पासून घेतली जाते. दुसरी परंपरा जिनिव्हाची. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कार्यालयांत काम करणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या लोकांच्या मुलांसाठी १९२४ साली तेथे एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. वडील आज एका देशात, उद्या दुसऱ्या. मग मुलाने कोणत्या देशाची शालान्त परीक्षा द्यावी? या अगदी व्यावहारिक अडचणीतून, आणि महायुद्धांनी होरपळलेल्या पिढीच्या शांततेच्या ध्यासातून, १९६८ साली इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. १९७० मध्ये तिच्या पहिल्या परीक्षा झाल्या. भारतात कोडाईकनाल येथील शाळेने १९७६ मध्ये हा अभ्यासक्रम प्रथम स्वीकारला. पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरांत १९९७ साली सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजही हाच अभ्यासक्रम शिकवते.

या अभ्यासक्रमाच्या पदविकेसाठी विद्यार्थ्याने सहा विषय घ्यायचे असतात. त्याशिवाय त्याला चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र संशोधनपर निबंध लिहावा लागतो, ज्ञानमीमांसेचा एक वर्ग करावा लागतो आणि समाजसेवेच्या कार्यात प्रत्यक्ष भाग घ्यावा लागतो. या तीन गोष्टी पुऱ्या झाल्याखेरीज पदविका मिळत नाही. 'मला जे माहीत आहे असे मी म्हणतो, ते मला कशावरून माहीत आहे?' हा प्रश्न सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी भेटतो. तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलापुढे ठेवणारा अभ्यासक्रम पोकळ म्हणता येणार नाही. सेवेला परीक्षेइतकेच अनिवार्य मानणारी पद्धती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा खोट अभ्यासक्रमात नाही. मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की ही सोय ज्यांचे घर सतत हलते अशा मुलांसाठी निघाली. प्रवाशासाठी उभारलेला तो तंबू होता. आपण तो उभ्या घराच्या अंगणात ठोकू पाहत आहोत. म्हणून घरातल्या माणसांचे काय होणार, हे विचारणे भाग आहे.

राज्याची मोठी पंगत

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. त्याची दहावीची परीक्षा दरवर्षी सुमारे पंधरा-सोळा लाख मुले देतात. तिची पाठ्यपुस्तके 'बालभारती' आठ भाषांत काढते. परीक्षेचे शुल्क काहीशे रुपये असते. आंतरराष्ट्रीय परीक्षांचे शुल्क विषयागणिक हजारांत जाते.

या परीक्षेवर आपण सारेच टीका करतो आणि ती टीका बऱ्याच अंशी खरी आहे. पाठांतर, मार्गदर्शिका, खाजगी शिकवण्या, गुणांचा हव्यास या व्याधी सर्वांना ठाऊक आहेत. पण गडचिरोलीच्या आश्रमशाळेतील मुलगी आणि गिरगावातील मुलगा मार्च महिन्याच्या एकाच सकाळी एकाच मंडळाची उत्तरपत्रिका उघडून बसतात, यात जे मूल्य आहे ते आपण क्वचितच मोजतो. त्या दोघांची तयारी सारखी झालेली नसते, हे खरे. तरीही मोजण्याचे माप एक आहे आणि त्या मापावर दोघांचा हक्क आहे. राष्ट्रीय किंवा राज्याची पात्रता याचा गाभ्यातील अर्थ हाच: समाजाने आपल्या सर्व मुलांसाठी मांडलेली ती एक पंगत होय. जेवण साधे असेल, कधी अळणीही असेल. पण पान प्रत्येकासाठी मांडलेले असते.

ज्यांना परवडते ते कुटुंब या पंगतीतून उठून जाते, तेव्हा तिच्या जेवणाविषयी तक्रार करणारा एक वजनदार आवाजही तिच्यातून उठून जातो. मागे उरतात त्यांची तक्रार ऐकायला कोणी नसते. आपण 'जोडीने' दुसरी सोय करतो, तेव्हा पहिली सोय तशीच राहते असे आपल्याला वाटते. ती तशी राहत नाही.

आपला वारसा

आंतरराष्ट्रीय शिक्षणाला बिचकण्याचे कॅथलिकांना कारण नाही, कारण त्याचा एक फार मोठा प्रयोग ख्रिस्तसभेच्याच अंगणात झाला. १५९९ साली येशूसंघाने आपल्या सर्व विद्यालयांसाठी 'रातिओ स्तुदिओरुम' ही अध्ययनाची एक संहिता प्रसिद्ध केली. कोणत्या वर्गात काय शिकवावे, कसे शिकवावे, वाद-विवाद कसे घडवावेत याचे तपशीलवार नियम तीत होते. रोमपासून लिमापर्यंत आणि प्रागपासून गोव्यापर्यंत ती लागू झाली. या विद्यालयांविषयी एक गोष्ट आज मुद्दाम सांगितली पाहिजे: त्यांत शिकवण्याचे शुल्क घेतले जात नसे. दात्यांनी दिलेल्या कायम निधीवर विद्यालय चालावे आणि सरदाराच्या मुलाला जे शिकवले जाते तेच चांभाराच्या मुलालाही विनामूल्य शिकवले जावे, हा येशूसंघाच्या घटनेतील नियम होता. त्या काळी विषमता नव्हती असे नाही. पण आंतरराष्ट्रीय आणि महाग हे दोन शब्द समानार्थी मानावेत, असे त्या संस्थापकांना वाटले नाही.

त्या जगातून आपल्याकडे आलेल्या एका माणसाचे नाव मराठी ख्रिस्ती माणूस विसरू शकत नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मले, रोममध्ये येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ साली गोव्यात उतरले. युरोपच्या उत्तम विद्येचे सारे संस्कार घेऊन आलेल्या या माणसाने साष्टीच्या गावांत चाळीस वर्षे काढली, लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत प्रसिद्ध केले. त्यांच्या विद्येचे चीज कोठे झाले? शिकून मोठा झालेला माणूस खाली बसला आणि पुराण ऐकणाऱ्या साध्या माणसाच्या भाषेत बोलला, तेथे. सार्वत्रिक विद्या आणि स्थानिक भाषा एका माणसात नांदली आणि त्या नांदण्याचा लाभ ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना झाला. 'जोडीने' या शब्दाचा हाच खरा अर्थ मला दिसतो.

आम्हा धर्मगुरूंचे शिक्षण तरी निराळे काय आहे? सेमिनरीतील तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा आराखडा जगभर एक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली त्या आराखड्याला एक महत्त्वाची जोड दिली: विद्यार्थ्याने आधुनिक तत्त्वचिंतनाची, विशेषतः आपल्या देशात प्रभावी असलेल्या विचारांची, दखल घ्यावी. पण या साऱ्या शिक्षणासाठी शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या बापाची मिळकत विचारली जात नाही. ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाने आम्हाला घडवले, त्याचा खर्च श्रद्धावंतांनी उचलला. म्हणून आंतरराष्ट्रीय शिक्षणाविषयी कृतज्ञ असणे आणि त्याच्या विक्रीविषयी साशंक असणे, या दोन गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत.

पालकांचे गाऱ्हाणे

पालकांना दोष देणे सोपे असते. त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात विखुरलेली आहेत. मुलाला पुढे तेथील विद्यापीठात जायचे असेल, तर तेथे ओळखले जाणारे प्रमाणपत्र हाती असावे, असे आईला वाटले तर तो लोभ म्हणता येणार नाही. मुलाच्या शिक्षणाचे पहिले उत्तरदायित्व आणि शाळा निवडण्याचा पहिला अधिकार आईबापांचा आहे, हे विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शिवाय, आपल्या शाळेने ही सोय केली नाही तर असे पालक दुसऱ्या शाळेत जातील. मुले तेथे धर्मशिक्षणाला मुकतील. आपल्या शाळेत मात्र ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही अशीच मुले उरतील. ही भीती काल्पनिक नाही.

एवढे सारे मान्य केले तरी एक भेद करावाच लागतो. निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे. परंतु आपल्या हाती असलेली सामाईक ठेव कोणासाठी खर्चावी हे ठरवण्याचे उत्तरदायित्व शाळेचे आहे. पहिला अधिकार दुसऱ्या उत्तरदायित्वाला संपवत नाही. त्याच घोषणापत्राने कॅथलिक शाळांना आणखी एक गोष्ट बजावली आहे: ऐहिक संपत्तीने दरिद्री, कुटुंबाच्या मायेला पारखी आणि श्रद्धेच्या देणगीपासून दूर असलेली जी मुले, त्यांची काळजी प्रथम घ्या. पुढे १९७७ साली रोममधील कॅथलिक शिक्षणविषयक मंडळाने 'कॅथलिक शाळा' या दस्तऐवजात आणखी स्पष्ट इशारा दिला. कॅथलिक शाळा केवळ किंवा मुख्यत्वे श्रीमंत वर्गाकडेच लक्ष देऊ लागल्या, तर त्या त्या वर्गाचे वरचे स्थान पक्के करतील आणि अन्यायी समाजरचनेला हातभार लावतील, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे.

तोंड पाहून वाढणे

संत याकोबाने आपल्या पत्रात एक प्रसंग रंगवला आहे. सभेत एक माणूस सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला उभे राहण्यास किंवा पायांशी बसण्यास सांगितले जाते. या वागण्यासाठी पत्रात जो ग्रीक शब्द आहे, त्याचा धात्वर्थ 'तोंड पाहून स्वीकारणे' असा होतो. मराठी माणसाला तो अर्थ कोशात पाहावा लागत नाही. तोंड पाहून वाढणारे हात आपण पाहिलेले आहेत.

संत थॉमस अक्वायनस यांनी या दोषाची चिकित्सा करताना योगायोगाने शिक्षणक्षेत्रातलेच उदाहरण घेतले आहे. एखाद्याला त्याच्या ज्ञानामुळे अध्यापकपद दिले, तर तेथे योग्य कारण पाहिले गेले. तो पेत्र आहे किंवा मार्टिन आहे म्हणून दिले, तर तोंड पाहिले गेले. पुढे ते एक सूक्ष्म भेद करतात. एका बाबतीत योग्य असलेले कारण दुसऱ्या बाबतीत अयोग्य ठरू शकते. वारसा देताना रक्ताचे नाते हे योग्य कारण आहे. धर्माधिकाराचे पद देताना तेच नाते अयोग्य कारण आहे. म्हणजे वेगळे वागवणे हे नेहमीच अन्यायाचे नसते. ज्या गोष्टीसाठी वेगळे वागवले, त्या गोष्टीशी वेगळेपणाच्या कारणाचा संबंध आहे की नाही, हे पाहायचे असते.

ही कसोटी आपल्या प्रश्नाला लावून पाहू. सहलीचा खर्च ज्याला परवडतो तो सहलीला जातो; पैसा येथे अगदीच असंबद्ध कारण नाही. एखादे मूल दृष्टिहीन आहे म्हणून त्याला ब्रेल पुस्तक दिले, तर वेगळेपणाचे कारण आणि देणे यांचा नेमका संबंध आहे. आता समजा, एका मुलाला प्रयोगशाळेत स्वतःच्या हातांनी प्रयोग करू दिला जातो, ग्रंथालयात बसून निबंध रचायला शिकवले जाते, शिक्षकाला उलट प्रश्न विचारण्यास उत्तेजन दिले जाते. आणि त्याच आवारातील दुसऱ्या मुलाला साठ जणांच्या वर्गात फळ्यावरची उत्तरे उतरवून घ्यायला सांगितले जाते. या भेदाचे कारण काय? दुसऱ्याची बुद्धी कमी आहे, असे कोणी म्हणत नाही. कारण एवढेच, की त्याच्या वडिलांचा खिसा रिकामा आहे. विचार करायला शिकण्याशी वडिलांच्या खिशाचा काही संबंध नाही. तेथे तोंड पाहून वाढले जात आहे.

यावर म्हटले जाते, की शाळा एक असली तरी विभाग दोन आहेत. प्रवेशद्वार वेगळे, गणवेश वेगळा, हिशेबही वेगळा. त्यात प्रशासकीय तथ्य आहे. अनुदानित शाळेच्या शिक्षकांचे वेतन सरकार देते. ते अनुदान नव्या विभागाकडे वळवता येत नाही. म्हणून असा विभाग बहुधा स्वयंअर्थसाहाय्यित म्हणून स्वतंत्रपणेच उभा करावा लागतो. पण नैतिक दृष्टीने हे उत्तर म्हणजे तीच जुनी पळवाट आहे: पंगतच वेगळी मांडली, आता पंक्तिप्रपंच कोठे राहिला?

करिंथच्या मंडळीतही असेच काही घडत होते. प्रभुभोजनासाठी जमल्यावर ज्यांच्याजवळ होते ते आधीच जेवून तृप्त होत आणि उशिरा येणारे कष्टकरी उपाशी राहत. संत पौलाने त्यांना खडसावले. पण त्याच्या युक्तिवादाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. खाण्यापिण्यासाठी तुम्हाला आपापली घरे नाहीत काय, असे तो विचारतो. घरी कोण काय जेवतो, यावर त्याचा आक्षेप नव्हता. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना देवाच्या मंडळीत सर्वांसमक्ष खाली मान घालायला लावणे, हा त्याचा आक्षेप होता. एखाद्या उद्योजकाने आपल्या भांडवलावर, आपल्या जमिनीवर आंतरराष्ट्रीय शाळा काढली, तर ते त्याच्या घरचे जेवण आहे. धर्मग्रामाच्या जमिनीवर, श्रद्धावंतांच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून उभ्या राहिलेल्या आवारात, एकाच क्रुसाखाली, एका संताच्या नावाने जे वाढले जाते, ते कोणाच्याही घरचे जेवण नसते.

हानी दोघांची

या भेदाची हानी केवळ गरीब मुलाला होते असे समजू नये. भिंतीपलीकडच्या मैदानावर हिरवळ आहे आणि आपले मैदान मातीचे आहे, हे त्याला रोज दिसते. न शिकवता तो एक धडा शिकतो. पण पलीकडचा मुलगाही तोच धडा शिकतो. त्याच्या अभ्यासक्रमात सेवा अनिवार्य आहे. ती पुरी करण्यासाठी त्याला बसमध्ये बसवून दूरच्या वस्तीत नेले जाईल, तेथे तो मुलांना चित्रे काढायला शिकवील, त्याची नोंद वहीत होईल. आणि त्याच वयाचा, त्याच धर्मग्रामातील, कदाचित त्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलगा भिंतीपलीकडे गळक्या छपराखाली बसलेला असेल. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर आपण त्याला प्रवासाच्या अंतराने शिकवलेले असेल. इतका उत्तम अभ्यासक्रम आपण आपल्या मांडणीनेच खोटा पाडतो, याचे दुःख त्या अभ्यासक्रमावर प्रेम असणाऱ्यांना अधिक व्हायला हवे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. नव्या विभागाच्या शुल्कातून जुन्या विभागाचे छप्पर दुरुस्त होईल, मग त्यात वाईट काय? हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. वेतनाव्यतिरिक्तच्या खर्चासाठी अनुदानित शाळांची किती ओढाताण होते, हे व्यवस्थापनात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गरज खरी आहे. पण दोन गोष्टींचे भान असावे. पहिली ही, की ज्याच्या पैशावर घर चालते त्याच्याच सोयीने घरातले घड्याळ लावले जाते. उत्तम शिक्षक, मुख्याध्यापकांचा वेळ, व्यवस्थापनाचे लक्ष, सारे हळूहळू शुल्क येते त्या दिशेला वळते. कोणी तसे ठरवत नाही, तरी वळते. दुसरी अधिक खोल आहे. ज्या मुलासाठी शाळा निघाली, तो आपल्याच शाळेत दुसऱ्याच्या औदार्याचा आश्रित होतो. काल तो धनी होता. छप्पर दुरुस्त झाले तरी ही पायउतार भरून निघत नाही.

कायदा थांबतो तेथे

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्यास सांगितले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाचा आधार देऊन अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होणार नाही, असा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मुद्दा एवढाच, की येथे आपल्याला अडवणारा कायदा नाही म्हणून प्रश्न संपत नाही. तो तेथेच सुरू होतो. आपल्या शाळा चालवण्याचा हक्क संविधानाने आपल्याला दिला, तो आपली श्रद्धा आणि संस्कृती जतन करण्यासाठी. त्या हक्काच्या आडोशाने गरिबापासून सुटका करून घेतली, तर आपण नेमके काय जतन केले?

मग आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आणूच नये काय? असे मी म्हणत नाही. तो न्यायाने आणता येतो आणि तसे प्रयत्न झालेले आहेत. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशाच्या सरकारने २००६ पासून आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएट आपल्या राष्ट्रीय पात्रतेच्या जोडीने सरकारी शाळांत आणले आणि ते दोनशेहून अधिक शाळांपर्यंत पोहोचले. मुळशीच्या महाविद्यालयात निवड राष्ट्रीय समित्यांमार्फत होते आणि कितीतरी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. आपल्या राज्यानेही २०१८ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी एक आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले होते. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या शाळेचे नाव त्या काळात सर्वतोमुखी झाले. ते मंडळ काही वर्षांतच गुंडाळले गेले. पण आंतरराष्ट्रीय शिक्षण खेड्यातल्या मुलालाही द्यावे, ही कल्पना एकदा सरकारी कागदावर उतरली होती, हे लक्षात ठेवावे. सरकारला जे सुचले, ते ख्रिस्तसभेला सुचू नये काय?

मला वाटते, असा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी शिक्षण आणि प्रमाणपत्र यांत भेद करावा. त्या अभ्यासक्रमात जे महाग आहे ते मुख्यतः प्रमाणपत्र, मान्यता आणि परीक्षेचे शुल्क. जे मौल्यवान आहे ते पुष्कळ अंशी स्वस्त आहे. मुलाला प्रश्न विचारू देणे, आठवड्यातून एकदा स्वतःच्या शब्दांत दोन पाने लिहायला लावणे, ग्रंथालयाचे कुलूप काढणे, ओढ्याचे पाणी बाटलीत भरून आणून तपासणे, आजारी शेजाऱ्याच्या घरी जाऊन मदत करणे, यांसाठी जिनिव्हाची परवानगी लागत नाही. हे सारे राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या वर्गात येत्या जूनपासून सुरू करता येते. ज्या शाळेने ते आधी सुरू केले, तिने उद्या प्रमाणपत्राचाही विचार करावा. ज्या शाळेला ते सुचले नाही आणि प्रमाणपत्र मात्र हवे आहे, तिला शिक्षण हवे आहे की गिऱ्हाईक, हे तिने स्वतःला विचारावे.

नवा विभाग काढलाच, तर त्यातील जागांचा एक ठरीव वाटा जुन्या विभागातील मुलांसाठी असावा. परीक्षेच्या शुल्कासह सारा खर्च शाळेने उचलावा आणि वर्गात बसलेल्यांपैकी कोणाचे शुल्क कोणी भरले, हे कोणाला कळू नये. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान एकच असावे आणि शिक्षकांनी दोन्हीकडे शिकवावे. अनुदानाचे नियम आड आले, तर निदान अध्यापनाच्या पद्धती तरी भिंत ओलांडून याव्यात. दोन्ही विभागांचे हिशेब धर्मग्रामाच्या सभेपुढे उघडे ठेवावेत.

आणि मराठी. राज्याच्या २०२० च्या कायद्याने मंडळ कोणतेही असो, शाळेत मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे. सक्तीचा विषय कसाबसा उरकता येतो, हे शिक्षकांना सांगायला नको. पण ज्या मुलाच्या आजीची प्रार्थना मराठी आहे, ज्याच्या गावची मिस्सा मराठी आहे, त्याला ती भाषा एका तासिकेपुरती उरली, तर तो आपल्याच देवळात पाहुणा होईल. जगाचा नागरिक होण्याआधी तो आपल्या धर्मग्रामातून स्थलांतरित झालेला असेल. या त्रैमासिकाला पुढच्या पिढीत वाचक मिळणार की नाही, याचे उत्तरही त्या तासिकेतच दडलेले आहे.

या अटी जड आहेत, याची मला जाणीव आहे. त्या पाळून विभाग चालवला तर शिल्लक फारशी उरणार नाही आणि काहींच्या दृष्टीने मग प्रस्तावात रामच उरणार नाही. तसे असेल, तर प्रस्तावाचा हेतू निदान स्पष्ट होईल आणि मग थांबणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत नकाशे आणि अंदाजपत्रके मांडली जातील, तेव्हा कोणीतरी शांतपणे एवढे विचारावे: पाच वर्षांनी या आवारात मराठी माध्यमाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या पानात आज नाही असे काय वाढलेले असेल? या प्रश्नाचे उत्तर कार्यवृत्तात नोंदवावे, आणि मगच मताला टाकावे.